एकच तळघर, दोन आवाज

जॉन फाउल्सच्या ‘द कलेक्टर’ची गोष्ट चार-सहा वाक्यांत संपते. नगरपालिकेच्या कचेरीतला एक अबोल कारकून. फुलपाखरं पकडून, टाचून ठेवायचा त्याला नाद. फुटबॉलच्या पैजेत तो अफाट पैसा जिंकतो, शहरापासून दूर एक जुनं घर घेतो, तळघर सजवतो आणि कचेरीच्या खिडकीतून जिला बघत आला त्या चित्रकलेच्या विद्यार्थिनीला पळवून आणून तिथे कोंडतो. सुमारे दोन महिन्यांनी ती न्यूमोनियानं मरते. तो तिला सफरचंदाच्या झाडांखाली पुरतो आणि दुसऱ्या एका मुलीच्या मागावर लागतो.

शेवट असा आधी सांगून टाकल्यानं या कादंबरीचं काहीही बिघडत नाही. तिचा पहिला भाग संपतो तेव्हा मुलगी आजारी पडलेली असते आणि पुढे काय होणार हे वाचकाला पुरतं कळून चुकलेलं असतं. नेमक्या त्या जागी फाउल्स थांबतो, मागे वळतो आणि तेच दिवस, त्याच खोलीतले तेच प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतो. या वेळी तिच्या तोंडून, तिच्या डायरीतून. रहस्यकथा लिहिणारा माणूस असं कधी करणार नाही. उत्कंठा पुरती ताणल्यावर ती सोडून देऊन जवळपास तितकीच पानं पुन्हा तीच हकिकत सांगायची, हा जुगार आहे. १९६३ साली, पहिल्याच कादंबरीत, फाउल्स तो खेळला.

तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. एसेक्समधल्या ली-ऑन-सी या गावी जन्म, ऑक्सफर्डमध्ये फ्रेंचचा अभ्यास, मग ग्रीसमधल्या स्पेत्सेस बेटावरच्या एका निवासी शाळेत शिक्षकी, आणि नंतर लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवण्याची नोकरी. त्या बेटावरून सुचलेली ‘द मेगस’ ही मोठी कादंबरी तो अनेक वर्षं लिहीत होता, पण ती पुरी होत नव्हती. १९६०च्या सुमारास ती बाजूला ठेवून त्यानं ‘द कलेक्टर’चा पहिला खर्डा जेमतेम महिनाभरात लिहून काढला. बीजं दोन होती. एक बार्टोकचा ऑपेरा, ज्यात निळ्या दाढीचा सरदार आपल्या बायकांना गडाच्या बंद दालनांत ठेवतो. दुसरी वर्तमानपत्रातली बातमी : एका तरुणानं एका मुलीला पळवून बागेतल्या हवाई हल्ल्याच्या खंदकात कोंडून ठेवलं होतं. दंतकथेतला सरदार आणि बातमीतला मुलगा यांच्यामधल्या अंतरातून हा कारकून, फ्रेडरिक क्लेग, जन्मला.

कादंबरीचा खरा ऐवज या क्लेगच्या आवाजात आहे. तो आपली हकिकत सांगतो ती वरिष्ठांना अहवाल द्यावा तशी. कोणती व्हॅन घेतली, दाराला कोणती कुलपं, कोणत्या कड्या लावल्या, आतल्या खोलीला गालिचा कसला, तिच्यासाठी कपडे कुठून आणले, कलेवरची पुस्तकं कोणती, सगळं तपशीलवार. जिंकलेली रक्कमही तो शेवटच्या पाउंडापर्यंत सांगतो : ७३,०९१. चार-पाच हजार पाउंडांत मध्यमवर्गीय घर मिळावं असा तो काळ. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरी १९९४ साली आली. त्याआधी आठवड्याच्या फुटबॉल सामन्यांचे निकाल कुपनावर भरून पाठवायचे, हेच लाखो कामगार-कारकुनांचं नशीब उघडण्याचं स्वप्न होतं. क्लेगचं ते खरं ठरतं. पैसा हाती येतो, पण जगण्याची तऱ्हा बदलत नाही. उंची हॉटेलात जेवायला गेला की वेटर आपल्याकडे कसे बघतात हेच त्याला जाणवत राहतं. वर्गाची लाज त्याच्या प्रत्येक वाक्यात आहे. चार माणसांत चालणारी, इस्त्री केलेली भाषा वापरायला तो धडपडतो आणि म्हणूनच त्याची भाषा कुठेच मोकळी होत नाही.

या भाषेनं फाउल्सनं जे साधलं आहे ते थक्क करणारं आहे. क्लेग कोणतीही भयंकर गोष्ट तिच्या नावानं सांगत नाही. कोंडलेली मुलगी त्याच्या लेखी पाहुणी असते. तिला बेशुद्ध करणं ही एक अडचण असते, जी त्यानं नीट पार पाडली. आपण तिला किती चांगलं वागवलं, तिच्या कुठल्या आवडी पुरवल्या, हे तो पुनःपुन्हा नोंदवतो, आणि ते खोटंही नाही. तो तिच्यासाठी जेवण रांधतो, ताजी फुलं आणतो, महागड्या वस्तू आणतो, बराच काळ अंगाला हात लावत नाही. एक दार उघडण्यापलीकडे ती मागेल ते सगळं करतो. वाचताना आपल्याला त्याची दया येऊ लागते. वडील दारूच्या नशेत गाडी चालवताना गेलेले, आई सोडून गेलेली, काकांच्या घरी धर्मभीरू आत्याच्या धाकात वाढलेला पोर. मायेनं वागवणारे काका तो पंधरा वर्षांचा असताना वारले. तो दयेला पात्र आहेच. फाउल्स आपल्याला फसवत नाही. तो सारी खरी माहिती देतो आणि तिच्या जोरावर आपल्याला क्लेगच्या अगदी शेजारी नेऊन उभं करतो.

त्या विद्यार्थिनीला, मिरांडाला, पळवण्याचा प्रसंग या दृष्टीनं वाचावा. पावसाळी रात्र, हॅम्पस्टेडची उतरती गल्ली, कडेला उभी व्हॅन. सिनेमा बघून एकटी परतणारी मुलगी. गाडीखाली कुत्रं आलं, त्याचं काय करावं कळत नाही, असं सांगून तो तिला थांबवतो. ती कळवळून व्हॅनमध्ये डोकावते आणि क्लोरोफॉर्मचा बोळा तिच्या तोंडावर येतो. हा सगळा वेळ वाचक श्वास रोखून असतो. कशासाठी? प्रामाणिकपणे पाहिलं तर, कोणी येईल का, कोणी बघेल का, बेत फसेल का, यासाठी. योजना आखणारा माणूस निवेदक असला की वाचकाचं मन आपोआप योजनेच्या बाजूला उभं राहतं. हा कथनाचा जुना नियम आहे. फाउल्सनं तो आपल्याविरुद्ध वापरला. आपल्याला याची जाणीव होते ती नंतर, डायरीतून तीच रात्र दुसऱ्या बाजूनं दिसते तेव्हा.

पहिल्या भागातला एक प्रसंग मला साऱ्या कादंबरीची किल्ली वाटतो. मिरांडा फळांच्या वाडग्याची दहाएक चित्रं काढते, भिंतीवर लावते आणि क्लेगला म्हणते, यातलं सर्वांत चांगलं कोणतं ते ओळख. तो म्हणतो, सगळीच सुंदर आहेत. ती सोडत नाही. एकच चित्र खरं चांगलं आहे, बाकी शिकाऊ आहेत, आणि तीन प्रयत्नांत ते ओळखलंस तर मी सुटेन तेव्हा ते तुला फुकट देईन, नाहीतर दहा गिन्या दे. तो तीनदा चुकतो. तिनं निवडलेलं चित्र त्याला अर्धवट, तिरपं वाटतं, त्यात कोणतं फळ कोणतं तेही धड कळत नाही.

किती साधा प्रसंग, आणि किती पातळ्यांवर बोलणारा! क्लेगला वस्तूसारखी दिसणारी वस्तू हवी, कारण तो संग्राहक आहे. त्याच्या काचपेटीतलं फुलपाखरू जिवंतपणी दिसतं त्याहून नीटस दिसतं, पंख सरळ पसरलेले, खाली नाव. मिरांडाला त्या चित्रात फळांचा जीव हवा, आणि जीव असलेली गोष्ट कधीच पुरती आखीव नसते. इथे कैदेतली मुलगी खेळ मांडते, नियम ठरवते, पैज लावते. पण सुटकेचा उल्लेख तिच्या वाक्यात पैजेच्या अटीला जोडूनच येतो. आणि हे सगळं आपल्याला कोण सांगतं? ज्याला ते चित्र कळलं नाही तो. न कळलेली गोष्टही तो इतकी अचूक सांगतो की आपल्याला ती कळते. निवेदकाच्या डोक्यावरून लेखकानं वाचकाशी बोलणं ही इंग्रजी कादंबरीतली जुनी कला आहे, पण ती इतक्या छोट्या जागेत इतकी स्वच्छ क्वचितच पाहायला मिळते.

फाउल्स स्वतः लहानपणी फुलपाखरं जमवायचा. पुढे त्यानं तो नाद सोडला आणि जमवण्याच्या वृत्तीचा आयुष्यभर तिटकारा केला. १९७९ साली ‘द ट्री’ या छोट्या पुस्तकात त्यानं निसर्गाला नावं देऊन, वर्गवारी लावून ताब्यात घेण्याच्या सवयीविरुद्ध मन लावून लिहिलं आहे. म्हणून क्लेगचे पेटारे पाहून मिरांडा जो संताप व्यक्त करते, इतकं जिवंत सौंदर्य तू संपवलंस म्हणून, त्यात लेखकाचा स्वतःचा आवाज मिसळला आहे. त्यावर क्लेगचं उत्तर असं की अख्ख्या जातीपुढे चार नमुन्यांचं काय मोठंसं. हे उत्तर लक्षात ठेवावं. शेवटी ते पुन्हा उपयोगी पडतं.

आता डायरी. १४ ऑक्टोबरपासून, कैदेच्या सातव्या रात्रीपासून ती सुरू होते आणि भाषा एकदम बदलते. कोंदट खोलीची खिडकी उघडावी तसं वाटतं, जरी लिहिणारीच्या खोलीला खिडकीच नाही. वाक्यं तुटतात, धावतात, स्वतःलाच खोडतात. ती चिडते, चेष्टा करते, रडते, आठवणी काढते, चित्रांविषयी बोलते, देवाला हाक मारते आणि मग देव ऐकत नाही या निष्कर्षाला येते. क्लेगशी झालेली बोलणी ती नाटकासारखी लिहून ठेवते : दोघांच्या नावांची आद्याक्षरं आणि पुढे ज्याचं त्याचं वाक्य. कोंडणाऱ्याला ती स्वतःइतकीच जागा देते. रागातही त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत टिपून ठेवायचा न्याय तिच्याकडे आहे.

घटनांच्या बाबतीत डायरी जवळपास काहीच नवं सांगत नाही. ती जे नवं सांगते ते एवढंच, की तिथे एक माणूस होता. पहिल्या भागात मिरांडा सुंदर आहे, हट्टी आहे, कधी गोड तर कधी तुसडी. पण ती बाहेरून दिसते. डायरीत ती वाढते. वीस वर्षांची ही मुलगी आरंभी जी. पी. या आपल्याहून दुपटीनं मोठ्या चित्रकाराच्या मतांची पोपटपंची करते : काय खरं, काय भिकार, कोण थोर, कोण सामान्य. हळूहळू ती त्या मतांवर शंका घेऊ लागते. जेन ऑस्टेनची ‘एमा’ वाचताना एमाच्या चुकांत तिला आपल्या चुका दिसतात. कुऱ्हाड हाती लागते तेव्हा ती क्लेगवर वार करते, आणि नंतर स्वतःच्याच तत्त्वांशी आपण बेइमानी केली या विचारानं तळमळते. अण्वस्त्रविरोधी चळवळीवर श्रद्धा ठेवणारी मुलगी आहे ती. हिंसा वाईट म्हणणं सोपं असतं. तळघरात, हातात कुऱ्हाड असताना ते म्हणणं वेगळं, आणि तिला तो फरक कळतो. एके ठिकाणी ती लिहिते की हे घडलंच नसतं तर बरं, असं आता तिला वाटत नाही, कारण इथून सुटले तर मी अगदी निराळी, आधीपेक्षा चांगली माणूस असेन. वाचक हे वाचतो तेव्हा ती सुटणार नाही हे त्याला ठाऊक असतं. क्लेगची गोष्ट आधी सांगून टाकण्यामागची सगळी योजना या एका जागी उमगते. डायरी आधी आली असती तर हे वाक्य आशेचं झालं असतं. आता ते वाचवत नाही.

आणि मग ती रात्र, जी दोघंही सांगतात. सुटकेचा दुसरा कुठलाच मार्ग उरला नाही तेव्हा मिरांडा क्लेगशी शारीरिक जवळीक साधायचा प्रयत्न करते. क्लेगच्या भागात हा प्रसंग आपण वाचलेला असतो. तो गोठून जातो, त्याच्यानं काही होत नाही, आणि त्यानंतर तिच्याविषयीचा त्याचा सगळा आदर संपतो. ती इतर बायांसारखीच निघाली असं तो ठरवतो. इथून पुढे तो क्रूर होतो आणि आपल्याला तसं होण्याचा हक्क मिळाला असं त्याला वाटतं. डायरीत त्याच रात्रीच्या मागे कितीतरी विचार आहे. शरीर म्हणजे काय, देणं म्हणजे काय, समोरच्याच्या आत कुठेतरी माणूस दडला असेल तर त्याच्यापर्यंत पोचायला आपण काय मोजायला तयार आहोत. तिच्या परीनं तो सुटकेचा डाव होताच, पण त्याच्यासाठी केलेलं काहीतरी मोठंही होतं. एकाच कृतीची ही दोन वर्णनं एकमेकांना स्पर्शही करत नाहीत. मानसशास्त्रीय कादंबरीनं मनाचा ठाव घ्यावा म्हणतात. इथे दोन मनांचा ठाव घेतला आहे आणि त्यांच्यामध्ये जी भिंत आहे तिची जाडी दाखवली आहे. ती भिंत वाचकाखेरीज कोणालाच दिसत नाही, कारण दोन्ही बाजूंची पानं फक्त त्याच्याच हातात आहेत.

फाउल्सला उत्तर-आधुनिक म्हटलं जातं ते प्रामुख्यानं पुढच्या कादंबऱ्यांवरून. ‘द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन’मध्ये (१९६९) लेखक मध्येच येऊन पात्रांवर आपला ताबा नाही असं सांगतो, एक शेवट देऊन तो काढून घेतो आणि मग आणखी दोन शेवट शेजारी-शेजारी ठेवतो. ‘द कलेक्टर’मध्ये असलं काही वरवर दिसत नाही, ती अगदी वास्तववादी वाटते. पण सत्य सांगणारा तिसरा आवाज काढून घेऊन वाचकालाच दोन साक्षींमध्ये बसवणं, ही त्याच वळणाची सुरुवात होती.

या आसनावर बसलेल्या वाचकाची फाउल्स कठीण परीक्षा घेतो. मिरांडा पुष्कळदा आवडत नाही. ती उच्चभ्रू आहे. क्लेगच्या उच्चारांवर, त्याच्या घरातल्या चिनी मातीच्या बदकांवर, त्याच्या आत्याच्या जगावर ती तुटून पडते. तिच्यासारख्या थोड्यांची आणि क्लेगसारख्या ‘नव्या लोकां’ची फाळणी ती निर्दयपणे करते. ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’ वाचून तिला त्यातल्या कामगार नायकाची किळस येते, आणि त्या काळी तर अशा नायकांना साहित्यात मोठा मान मिळत होता. अनेक वाचकांना ती गर्विष्ठ वाटली. मलाही वाटते. आणि इथेच सापळा आहे. ती आवडण्यासारखी नाही, हे आपण जितक्या चटकन नोंदवतो तितके आपण क्लेगच्या जवळ जातो. तिनं आवडण्यासारखं असावं, कोणाला दुखवू नये, आपल्या कल्पनेत बसावं, ही अट त्यानंच आधी घातली होती. तिचा हट्टीपणा, आगाऊपणा, चुकण्याचा तिचा हक्क, हे सगळं जिवंत माणसाचं लक्षण आहे. नमुना कधी आगाऊपणा करत नाही. पुढे क्लेग तिची जी छायाचित्रं काढतो त्यांच्याबद्दल तो म्हणतो तेही असंच, की ती उलट बोलत नाहीत.

शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’ची सावली साऱ्या कादंबरीवर आहे. क्लेग स्वतःचं नाव फर्डिनंड सांगतो, नाटकातल्या मिरांडाच्या प्रियकराचं. त्याचे काका त्याला लाडानं त्या नावानं हाक मारायचे, आणि ते नाव त्याला परकं, खानदानी वाटतं. मिरांडा डायरीत त्याला कॅलिबन म्हणते. एकच माणूस, स्वतःच्या मनात राजपुत्र आणि तिच्या वहीत राक्षस. पण शेक्सपिअरचा कॅलिबन ज्याचं बेट बळकावलं गेलं असाही आहे, आणि बेटावरच्या नादांविषयीच्या नाटकातल्या अतिशय सुंदर ओळी त्याच्याच तोंडी आहेत. क्लेगकडे असं संगीत नाही. त्याच्यापासून ते कोणी हिरावलं, हा प्रश्न मिरांडा विचारत नाही, विचारायला हवा होता. ‘कॅलिबन’ म्हणताना ती त्याचं वर्णन करते आणि त्याच दमात त्याला त्याच्या पायरीवर ढकलते. ही तिची चूक कादंबरीला दिसते.

फाउल्सनं नंतर ‘द अॅरिस्टॉस’ या विचारांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत आपला हेतू सांगितला. हेराक्लिटसच्या ‘थोडे’ आणि ‘पुष्कळ’ या विभागणीवर त्याला लिहायचं होतं. क्लेगमधलं वाईट हे वाईट शिक्षण, कोता भवताल आणि पोरकेपण यांतून आलं. मिरांडा गर्विष्ठ होती, पण जगली असती तर ती मोठी झाली असती. हे वाचून आपण मान डोलावतो. तरीही माझं मत असं, की ही मांडणी कादंबरीपुढे फिकी आहे. विशेषतः जी. पी. हे पात्र या तत्त्वज्ञानाच्या ओझ्याखाली दबलं आहे. त्याचे नियम, त्याचे उपदेश, त्याच्या आयुष्यातल्या बायकांच्या कथा, हे सगळं डायरीच्या मधल्या पानांना जड करतं. मिरांडा त्याच्याहून अधिक हुशार आहे हे वाचकाला लेखकाआधी कळतं. सुदैवानं पानागणिक ती त्याच्यापासून दूर सरकत जाते आणि डायरी पुन्हा तिची होते.

१९६५ साली विल्यम वायलरनं या कादंबरीवर चित्रपट केला. टेरेन्स स्टॅम्प आणि सामंथा एगर या दोघांनाही कान महोत्सवात अभिनयाची पारितोषिकं मिळाली. चित्रपट नेटका आहे, दोघांची कामं विलक्षण आहेत. जी. पी.ची भूमिका केनेथ मोरनं केली होती, ती संकलनात काढून टाकली गेली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डायरीच गेली. कॅमेरा तळघराच्या दारातून आत बघतो. म्हणजे जवळपास क्लेगच्याच जागेवरून बघतो. मिरांडा सतत दिसते, पण तिनं लिहिलेलं आपण वाचत नाही. पहिला भाग पडद्यावर आला आणि दुसऱ्याचा आवाज गेला, हे या कादंबरीच्या बाबतीत निम्मं नव्हे, जवळजवळ सगळं गमावणं होतं.

याहून भयंकर वाचकही तिला लाभले, आणि रसग्रहण लिहिताना तिकडे डोळेझाक करता येत नाही. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात अनेक खून करणारा लेनर्ड लेक या पुस्तकानं झपाटलेला होता. बायकांना कोंडून ठेवण्याच्या आपल्या बेताला त्यानं मिरांडाचं नाव दिलं होतं. पुस्तकानं खून घडवला असं मी म्हणणार नाही. अशा माणसाच्या आत जे होतं ते कुठल्याही पुस्तकाच्या आधीचं होतं. पण त्यानं ‘द कलेक्टर’ वाचली, हे मात्र मला मान्य नाही. त्यानं क्लेगचं निवेदन वाचलं. मिरांडाची डायरी वाचून तिच्या नावानं असा बेत आखता येत नाही. कारण त्या डायरीत मिरांडा हे एका माणसाचं नाव आहे, आणि लेकला हवी होती ती केवळ एक खूण.

डायरीनंतर क्लेग पुन्हा बोलू लागतो. तिला मरताना तो पाहतो. डॉक्टरांच्या दवाखान्यात जातो, बाहेरच्या खोलीत बसतो, लोक आपल्याकडे बघताहेत या भीतीनं डॉक्टरांना न भेटताच परततो. ती गेल्यावर तो दोघांच्या एकत्र मरणाची कल्पना करतो, रोमिओ-ज्यूलिएटसारखी. मग त्याला डायरी सापडते. तो ती वाचतो. अख्ख्या कादंबरीत हा क्षण मला सर्वांत थरारक वाटतो, कारण इथे क्लेग आपल्याच जागी येतो. जी पानं वाचून आपण हादरलो तीच पानं त्याच्या हातात आहेत. एका माणसाच्या आत शिरायची ही त्याची शेवटची संधी. आणि तो वाचतो तेवढ्यातून काढतो काय, तर तिनं आपल्यावर कधीच प्रेम केलं नाही, ती कायम फक्त स्वतःचा आणि त्या दुसऱ्या माणसाचा विचार करत होती. आत्महत्येचा विचार तिथेच मावळतो. तिचं वाढणं, तिची लाज, त्याच्यासाठी घातलेलं तिचं मन, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. वाईट वाचन म्हणजे काय याचं याहून नेमकं चित्र मी कुठल्याही समीक्षेच्या पुस्तकात पाहिलेलं नाही : पुस्तकात फक्त स्वतःविषयीचा मजकूर शोधणं आणि तो मनासारखा नसला की पुस्तक मिटणं.

खुद्द फाउल्स आपल्या वाचकांशी कसा वागे, हेही इथे पाहण्यासारखं आहे. पुढच्या काळात त्याला वाचकांची पत्रं फार येत. ‘द मेगस’चा शेवट त्यानं मोकळा ठेवला होता, निकोलस आणि अॅलिसन एकत्र येतात की नाही हे सांगितलं नव्हतं. १९७७ साली त्यानं ती कादंबरी सुधारून पुन्हा काढली, तरी ते दार पूर्ण लावलं नाही. एका मुलाखतीत त्यानं सांगितलेली आठवण अशी : मरणाच्या दारात असलेल्या एका वाचकानं न्यूयॉर्कहून विचारलं, ते एकत्र आले का? त्यानं कळवलं, हो, आले. त्याच सुमारास एका चिडलेल्या बाईचं खरमरीत पत्र आलं, शेवटी काय झालं ते सरळ सांगा म्हणून. तिला त्यानं उत्तर दिलं, ते पुन्हा कधीच भेटले नाहीत. अनेकांना यात लेखकाचा लहरीपणा दिसतो. मला त्यात वाचकाविषयीची आस्था दिसते. मरणाऱ्या माणसाला जे हवं होतं ते त्यानं दिलं, आणि जिला पात्रांचं भवितव्य हुकमानं वसूल करायचं होतं तिला नाही.

‘द कलेक्टर’चा चौथा भाग दोन-तीन पानांचा आहे. क्लेगनं लुइसच्या वूलवर्थ दुकानातली एक मुलगी पाहून ठेवली आहे. तिचं नाव मेरियन. ती मिरांडाइतकी सुंदर नाही, पण थोडी तिच्यासारखी दिसते, आणि आपल्या पायरीची असल्यानं या वेळी शिकवणं सोपं जाईल असा त्याचा अंदाज आहे. अजून काही पक्कं नाही, म्हणतो. खोली कोरडी करायला ठेवली आहे. मेरियनविषयी आपल्याला याहून काहीही सांगितलेलं नाही. तिची डायरी नाही, तिचं एक वाक्यही नाही; जातीपुढे एका नमुन्याचं जे मोल, तेवढंच तिचं मोल क्लेगच्या लेखी आहे. तिच्या वाट्याची पानं फाउल्सनं लिहिली नाहीत, आणि ज्यानं मिरांडाची डायरी शेवटपर्यंत वाचली आहे त्याला ती नसलेली पानं बोचल्याशिवाय राहत नाहीत.